चार दिवस कमी

“चाळीस!” द्वारकाकाकी म्हणाल्या आणि त्यांनी उन्हाची छत्री दवाखान्याच्या फरशीवर आपटली. “एक दिवस कमी चालणार नाही. इंजेक्शनं टोचून घेत चाळीस वर्षं काढलेलं एक माणूस या पंचक्रोशीत मला दाखव. मी स्वतः साखरेचा पुडा घेऊन तुझ्या बापाच्या दारात येते. नाही दाखवलंस, तर माझ्या जयवंताचा नाद सोडायचा.”

बाकावर सात पेशंट बसले होते. एकाच्या तोंडात थर्मामीटर होतं. नीट ऐकू यावं म्हणून त्याने ते काढून हातात धरलं.

“आणि दाखवलं तर शब्द फिरवायचा नाही,” मी म्हणाले.

“राऊतांची सून आहे मी. थुंकून चाटायची सवय नाही मला.”

“कधीपर्यंत दाखवू?”

“तुमच्या डॉक्टरांचा तो साखरवाल्यांचा मेळावा आहे ना, पुढच्या रविवारी? तिथे. सगळ्या गावासमोर.”

“वा!” थर्मामीटरवाला म्हणाला.

“तुम्ही तोंड बंद करा!” मी आणि काकी एकदमच ओरडलो. मग एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी मान फिरवली.

ही एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची, हेमलता नाईक, रेवदंड्याला डॉक्टर गुप्त्यांच्या दवाखान्यात कामाला. नंबर लावणं, औषधं देणं आणि पेशंटना दम भरणं, ही माझी तीन कामं. तिसरं मला जास्त जमायचं. मला स्वतःला अठराव्या वर्षी साखर लागली, मधुमेहाला आमच्याकडे साखरच म्हणतात. अलिबागच्या कॉलेजात गॅदरिंगला, स्टेजवर, नऊवारीत, मी धाडकन पडले. प्रेक्षकांना वाटलं नाटकातच आहे, टाळ्या पडल्या. तेव्हापासून रोज दोनदा सुई. लपवायची सोयच नव्हती, अर्धा तालुका त्या दिवशी टाळ्या वाजवायला हजर होता.

जयवंत राऊत बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मी धक्क्यावरून गेले की हा एकच नट तीनदा काढून तीनदा बसवायचा. बोलणं मात्र मोजकं. आईला त्याने जन्मात एकच लांब वाक्य सांगितलं, “लग्न करीन तर नाईकांच्या हेमाशी, नाहीतर राहू दे.” त्या वाक्यानंतरच काकी छत्री घेऊन दवाखान्यात आल्या होत्या.

काकींना नावं ठेवायला माझी जीभ वळवळायची, पण वळायची नाही. त्या दिवशी जाताना दारात थांबून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या होत्या, “हेमे, तू वाईट मुलगी नाहीस. पण मला एकोणतिसाव्या वर्षी पांढरं कपाळ आलं. कावीळ झाली आणि आठ दिवसांत ह्यांचं आटोपलं. अर्ध्या ताटावरून माणूस उठून गेलं की मागे बसलेल्याचं काय होतं, ते मला विचार. माझ्या मुलाच्या वाट्याला ते नको.”

बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं, कडाकडा भांडले तरी असते. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, कारण काकींचा प्रश्न माझाच प्रश्न होता. मला तरी कुठे माहीत होतं, मी किती वर्षं टिकणार ते?

पण सकाळी उठले ती कंबर कसून. कारण नशिबाने डॉक्टरांना त्याच महिन्यात एक खूळ लागलं होतं. पुण्याला कसली तरी परिषद होती, तिथे त्यांना निबंध वाचायचा होता: कोणत्या समाजातली माणसं साखर घेऊन किती वर्षं जगतात? आमच्या भागात समाजांना काय तोटा! आगरी, कोळी, माळी, भंडारी, सीकेपी, कोकणी मुसलमान, कोर्लईचे ख्रिस्ती, आणि तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू. डॉक्टरांनी भिंतीवर नकाशा लावला, प्रत्येक समाजाला एकेका रंगाची टाचणी दिली आणि मला सायकल दिली.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. “साखर कधी कळली?” या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर देईना. एक म्हणे गणपतीत, दुसरी म्हणे थोरलीच्या बाळंतपणात, तिसरा म्हणे मला अजून पटलेलीच नाही. डॉक्टरांनी चष्मा पुसत विचार केला आणि आनंदाने उडालेच.

“हेमा! लोकांना रोग आठवत नाही, पण गोड बंद झाल्याचा दिवस कोणी विसरत नाही. आपण विचारू, साखर कधी बंद झाली?”

काय डोकं, काय डोकं, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्याच प्रश्नाने पुढे माझी शोभा केली.

बातमी फुटायला एक बाजार पुरतो. माझी सायकल दिसली की लोक अडवायचे, “आमचा आकडा किती?” सीकेपी आळीतले दिघेवकील एकतीस वर्षांवर होते, ते कॉलर ताठ करून फिरू लागले. इब्राहिमचाचा मुकादमांचे सव्वीस झाले, वर कुवेतच्या हॉस्पिटलचा कागद, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. आम्हा माळ्यांचे कसेबसे बावीस. आमच्या आळीतल्या बायका मलाच बोलल्या, “अगो, दोन-चार वाढवून लिही की, घरचीच आहेस ना!” पण ही सगळी गोळ्यांवरची माणसं. इंजेक्शनवाले मोजके, आणि त्यांत बारा वर्षांच्या पुढे कोणी नाही.

जनाबाई कोळीण म्हणाली, “माझी सहा.”

“सहाच?”

“पायाचा फोड भरंना म्हनून गेले, तवा कळली. त्याच्या आधीची कुनी मोजलीत काय?”

ते मी तसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून जनाबाईच्या टाचणीला टोचून ठेवलं.

पाचव्या दिवशी मी घाण्याजवळच्या घरी गेले. तिथे मिल्कामावशी अष्टमकर राहायच्या. बेने इस्रायल. त्यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. नातलग सगळे इस्रायलला गेले, हे नवरा-बायको राहिले. का राहिलात म्हटलं तर मावशी सांगायच्या, तिकडे अलिबागचा पांढरा कांदा मिळत नाही. मी गेले तेव्हा साठीची ही बाई स्टुलावर चढून शेवग्याच्या शेंगा पाडत होती.

“मावशी, साखर आहे का?”

“आहे.”

“कधी बंद झाली?”

“ते मोजायचं नाही.”

“अहो, मोजायचं नाही म्हणजे? डॉक्टरांना आकडा हवाय!”

मावशी सावकाश खाली उतरल्या. “माझी आजी सांगायची, देवाने दिलेलं मोजत बसू नये. त्याला वाटतं हिला पुरेसं झालं. आमच्या घरात माणसं मोजत नाहीत, वर्षं मोजत नाहीत. पंगतीला किती जण आलेत तेसुद्धा आम्ही ताटं मोजून ठरवायचो. चहा घेतेस? बिनसाखरेचा.”

“मला वेळ नाही. रकान्यात काय लिहू ते सांगा.”

“लिही, आहे.”

मी रागारागाने ‘आहे’ असं लिहिलं. मेळाव्याचं छापील आमंत्रण त्यांच्या हातात कोंबलं. त्यावर खाली लिहिलं होतं, ‘येताना जुनी चिठ्ठी, रिपोर्ट किंवा असेल तो पुरावा आणावा.’ निघताना खिडकीत एक काचेची बरणी दिसली, आत काहीतरी तपकिरी. चिंचोके असतील, म्हटलं, आणि सायकलवर टांग मारली.

शुक्रवार उजाडला तरी चाळीसवालं माणूस नाही. आणि मग मिठागरावर मला हिराजीबाबा पाटील भेटले. वय शहाऐंशी, अंगात बंडी, डोक्याला फडकं, दात सगळे शाबूत.

“बाबा, साखर कधी बंद झाली?”

“बेचालीस सालान,” बाबा म्हणाले.

मी सायकल सोडून दिली. ती आपली आपण जाऊन खाजणाच्या चिखलात पडली.

“बेचाळीस? म्हणजे बावन्न वर्षं? आणि सुई? सुई घेता?”

“रोज घेतो. सकाल-सांज.”

“टोचतं कोण?”

“कोन म्हंजे? मीच. डोले अजून शाबूत हायेत.”

मी त्या बांधावर नाचले. खरंच नाचले, घसरले, गुडघे मिठाच्या चिखलाने भरले, तशीच बाबांच्या पाया पडले. बाबांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, “पोरी, तुज्या डोक्यावर परिनाम झाला काय?” मी धक्क्यावर जाऊन जयवंताला सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” आणि हातातला पाना त्याने जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. म्हणजे केवढा आनंद झाला असेल बघा.

“रक्त तपासलंस का?” डॉक्टरांनी विचारलं.

“बावन्न वर्षं ज्याची साखर बंद आहे त्याला काय तपासायचं, डॉक्टर!” मी म्हणाले. उतावळा नवरा ऐकलाय तुम्ही, मी उतावळी नवरी होते.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. साखरवाले दीडशे, आणि पैज बघायला आलेले तेवढेच. फळ्यावर ‘मधुमेही स्नेहमेळावा’, खाली नकाशा टाचण्यांसकट. बिनसाखरेचा चहा, काकडी आणि फुटाणे. माणसं समाजासमाजाने घोळक्यात बसली होती, सोयरीक जमवायला आल्यासारखी. पहिल्या रांगेत द्वारकाकाकी, मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर घट्ट. दाराशी जयवंत, इस्त्रीच्या शर्टात.

तेवढ्यात बाहेर ढोल वाजला. हिराजीबाबांना त्यांच्या गावाने टेंपोतून मिरवत आणलं होतं! गळ्यात झेंडूचा हार. दिघेवकिलांनी एकतीस वर्षांची कॉलर मुकाट्याने खाली केली. मी माईक हातात घेतला आणि नरड्याच्या शिरा ताणून सांगितलं, “बावन्न वर्षं! रोज दोन सुया! आणि माणूस ठणठणीत!” टाळ्यांनी पत्रे हलले. मी काकींकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता. त्या बाबांकडे डोळे फाडून बघत होत्या.

“आधी सगळ्यांना दाखवतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी मुंबईहून रक्तातली साखर मोजायचं नवं यंत्र आणलं होतं, ते मिरवायची त्यांना घाई. बाबांचं बोट टोचलं, थेंब लावला. डॉक्टरांनी यंत्र बघितलं. हलवलं. पुन्हा टोचलं. पुन्हा बघितलं.

“बाबा,” डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला साखर नाही.”

“मी कुटं म्हनलो हाय?”

मी माईकसकट पुढे झाले. “बाबा! बेचाळीस साली साखर बंद झाली म्हणालात ना?”

“झाली ना! लढाई चालू होती, रेशनिंग आला. दुकानान साखर मिलायची बंद झाली. तवापासून गुलाचाच चा पितो. मंग रेशनिंग गेला, पर सवय नाय गेली.”

“आणि सुई? रोज सकाळ-संध्याकाळ टोचता ती?”

बाबांनी कमरेचा दाभण काढून वर धरला. “ही! मिठाच्या गोनी कोन शिवनार, तुजा बाप?”

काय सांगू तुम्हाला! हॉल असा फुटला की फळ्यावरचा नकाशा खाली आला. इब्राहिमचाचा हसता हसता बाकावरून घसरले. डॉक्टर टेबलाला धरून हसत होते. ढोलवाल्याला काही कळलं नाही, त्याने ढोल वाजवला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, नाकातून पाणी यायला लागलं. सगळं संपलं होतं, आणि संपलं होतं ते असं हसण्यावारी.

काकी हसल्या नाहीत. त्या उठल्या, पिशवी उचलली. “चल, जयवंता.”

जयवंत दारातून हलला नाही. “नाही,” म्हणाला.

“मोजायला कोणी आहे का?” मागून आवाज आला.

मिल्कामावशी पुढे येत होत्या. हातात ती खिडकीतली बरणी. त्या स्टेजवर चढल्या आणि बरणी टेबलावर ठेवली. चिंचोके नव्हतेच ते. खजुराच्या बिया होत्या.

“चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या,” मावशी म्हणाल्या. “हा माझा पुरावा. विसाव्या वर्षी मी मुंबईच्या हॉस्पिटलात होते, नुसती हाडं राहिली होती. पहिली सुई टोचली तो आमचा झाडांचा सण होता. माझ्या वडिलांनी आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस केला, पोर जगेल तितकी वर्षं त्या सणाला मलिदा करीन. गोड पोहे, खोबरं, फळं, खजूर, सगळं ताटात. मला त्यातलं काही चालत नाही. डॉक्टर म्हणाले, एक खजूर खा, वर्षातून एकच. त्या खजुराची बी मी या बरणीत टाकते. मी मोजत नाही. दुसऱ्या कोणी मोजलं तर हरकत नाही.”

डॉक्टरांनी धावत येऊन मावशींचं बोट टोचलं. “एकशे बाहत्तर! साखर आहे!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला साखर निघाली म्हणून टाळ्या पडताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मावशींनी पिशवीतून स्टीलची डबी काढली, आत काचेची सिरिंज, वापरून वापरून आकडे पुसलेली. डॉक्टरांनी ती दोन्ही हातांत घेतली.

“कोण मोजतं?” त्यांनी विचारलं.

“ज्यांना चाळीस हव्यात त्यांनी मोजाव्यात,” मावशी म्हणाल्या आणि बरणी काकींसमोर धरली.

काकी स्टेजवर आल्या. खाली बसल्या, पदर पसरला, बरणीत हात घातला. “एक. दोन. तीन.” पाचनंतर आगरी मंडळी सोबत मोजू लागली, दहानंतर कोळणी, पंधराला सगळा हॉल. “बावीस!” झालं तेव्हा आमचे माळी हळूच गप्प झाले. “सव्वीस!”ला इब्राहिमचाचांनी कपाळाला हात लावून सलाम केला. “एकतीस!” झाले आणि दिघेवकील उठून उभे राहिले, मग तसेच उभ्याने मोजू लागले. छत्तीस. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

काकींनी बरणी उलटी केली. बरणीच्या तळावर थापटी मारली. आत काही नव्हतं.

“एकोणचाळीस,” काकी म्हणाल्या. आणि खरं सांगते, पैज जिंकल्याचा आवाज नव्हता तो.

“चाळिसावं गुरुवारी पुरं होतं,” मावशी म्हणाल्या. “गुरुवारी मलिदा आहे.”

“म्हणजे चार दिवस कमी.”

झालं! एकच कल्ला उठला. दिघेवकील गरजले, “चाळीस वर्षांत लीप वर्षांचे दहा दिवस जास्तीचे आलेत! ते धरा, बाई कधीच पार झाल्यात!” इब्राहिमचाचा बाकावर चढले, “आमच्या चांदाच्या हिशेबाने एक्केचाळीस होऊन गेली, काकी! एक्केचाळीस!” आमच्या आळीतली एक म्हातारी ओरडली, “अधिक महिने धरा गो, अधिक महिने!” कोर्लईचे मास्तर बोटांवर काहीतरी मोजत होते आणि मध्येच पुन्हा एकपासून सुरू करत होते. हिराजीबाबा म्हणाले, “चार दिसांचा काय लावलाय? गोनीला चार टाके कमी पडले तर मीठ सांडतंय काय?” आठ दिवस जे आपापला आकडा घेऊन एकमेकांवर कुरघोडी करत होते, ते सगळे आता एका बाजूला आणि काकी एकट्या एका बाजूला.

“एक दिवस कमी चालणार नाही म्हटलं होतं मी,” काकी म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत. पदरातल्या बिया तशाच धरून बसल्या होत्या.

मिल्कामावशींनी कमरेचा रुमाल सोडला. आत एक खजूर होता, गुरुवारसाठी ठेवलेला. “एलियाहू हन्नाबी माझ्यावर चार दिवसांसाठी रागावायचा नाही,” म्हणाल्या. डोळे मिटून त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत दोन ओळी पुटपुटल्या आणि खजूर तोंडात टाकला. तीनशे माणसं एका बाईचा जबडा बघत उभी होती. किती हळू खावा तो माणसाने! वर्षाचा एकच, मग काय. शेवटी त्यांनी बी काढली, पुसली आणि काकींच्या तळहातावर ठेवली.

काकींनी ती मुठीत धरली. मग विचारलं, “बाई, तुमचं लग्न याच्या आधीचं?”

“नंतरचं. सगळं सांगून सवरून केलेलं. ह्यांच्या आईनेही विचारलं होतं, किती वर्षं टिकणार?”

“मग काय सांगितलंत?”

“मोजायचं नाही, एवढंच.”

“आणि तुमचे… मालक?”

“ते काय मागे,” मावशींनी हात केला. शेवटच्या बाकावर एक म्हातारा मान टाकून घोरत होता. “अडतीस वर्षं रात्री दोनदा उठून मी श्वास घेतेय की नाही बघतो. मग दिवसा असा झोपतो.”

त्या बाकाकडे काकींनी किती वेळ बघितलं असेल, देव जाणे. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मला वाटलं धावत जाऊन त्यांना मिठी मारावी, पण माझी छाती झाली नाही. मग त्यांनी नाक ओढलं, मला जवळ बोलावलं आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, “हेमे, म्हण आहे ना आपल्यात? चार दिवस सासूचे?”

“हो,” मी म्हणाले. “चार दिवस सुनेचे.”

“सुनेचं पुढचं पुढे. सासूचे चार मी या बाईंना दिले.” आणि त्यांनी ती बी बरणीत टाकली. काचेवर टिण्ण वाजली. “चाळीस!”

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. ढोल, शिट्ट्या, कोणीतरी डॉक्टरांना उचललं, कोणीतरी चुकून जयवंताऐवजी थर्मामीटरवाल्याला हार घातला. काकींनी आपली पिशवी उघडली, तर आत साखरेचा पुडा! वर कुंकवाचं बोट लावून घरून आणलेला.

“काकी! तुम्ही आधीच आणला होतात?”

“रविवारी दुकान बंद असतं,” काकी फणकारल्या. “हरले असते तर ऐन वेळी कुठे धावले असते?”

पण आता साखर वाटायची कोणाला? समोर दीडशे साखरवाले, आणि डॉक्टर पुड्यावर डोळा ठेवून उभे. काकींनी चिमूट घेऊन इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग सरळ हिराजीबाबांपुढे गेल्या आणि त्यांच्या तोंडात साखर घातली. बाबांनी ती जिभेवर घोळवली. बेचाळीस साली बंद झालेली साखर अशी बावन्न वर्षांनी पुन्हा चालू झाली.

“गुलाची सर नाय,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांचा निबंध पुण्याला वाचला गेला. त्यांनी शेवटी लिहिलं होतं की कोणता समाज साखर घेऊन किती जगतो हे सांगण्याआधी, कोणाला ती कधी कळते आणि सुई कोणाच्या हाताला लागते ते विचारा. हे जनाबाईचं, तिचं नावही त्यांनी घातलं होतं. आणि मिल्कामावशींच्या रकान्यात आकडा न लिहिता त्यांनी ‘आहे’ असंच ठेवलं होतं. परिषदेतल्या लोकांना वाटलं छपाईची चूक आहे.

माझ्या लग्नात मावशींनी मला एक रिकामी बरणी दिली आणि एक खजूर. “वर्षाला एकच हां,” एवढंच म्हणाल्या. ती बरणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मी मोजत नाही. मोजतात सासूबाई. द्वारकाकाकींना मी आई म्हणायला लागले त्याला जमाना झाला, आता शहाऐंशीच्या आहेत. सत्तरीत त्यांनाही साखर निघाली, तेव्हापासून त्या माझ्यावर दात खाऊन असतात की खजूर एकटी खातेस. म्हणून आता दोन बिया पडतात, आणि कोणती कोणाची यावरून आमचं दरवर्षी भांडण होतं. जयवंत म्हणतो, “बरं.”

यंदाही बिया टाकल्या. आईंनी बरणी कानाजवळ धरून खुळखुळवली, ऐकलं आणि दरवर्षीप्रमाणे विचारलं, “हेमे, माझे चार दिवस परत कधी देणार?”

“देते की, आई,” मी म्हटलं. “घाई काय आहे?”